फौजदारबाईंची चौकशी

टेम्पो स्टँडवर त्यांना सगळे फौजदारबाई म्हणत. पोलिसात त्या कधीच नव्हत्या. पण रांगेत कोणी मधेच घुसला, की त्या गाडीतून उतरून नुसत्या समोर उभ्या राहत आणि घुसणारा मुकाट्याने गाडी मागे घेई. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. बाईंना मात्र ते मनापासून आवडायचं.

स्टँडचा सगळा कारभार नंबरावर चाले. सकाळी जो ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने त्याची गाडी उभी राहायची आणि पहिल्या नंबराला पहिलं भाडं. नंबर चुकला की दिवस वाया गेला म्हणून समजायचं. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, नंबर चुकवायचा नाही हे तिथलं पहिलं शिक्षण. बाईंनी ते इतकं पक्कं केलं होतं, की स्वतःच्या नणंदेच्या साखरपुड्यालाही त्या सकाळचं भाडं पोचवून मगच उगवल्या होत्या. पुढे ते लग्न मोडलं. नणंद अजूनही गमतीने त्याचं खापर त्यांच्यावर फोडते.

पण मालाच्या पेट्या उतरवून उतरवून कंबरेने दगा दिला, तेव्हा बाईंनी शाळेच्या बससाठी अर्ज केला. मुलं स्वतःच चढतात आणि स्वतःच उतरतात, त्यांना खांद्यावर घ्यावं लागत नाही, हा त्यांचा साधा हिशेब. महिन्याच्या महिन्याला पगार आणि रविवारी सुट्टी. असं काही त्यांच्या आयुष्यात आजवर घडलं नव्हतं आणि आता ते हवंच होतं. डॉक्टरांनी पेट्यांना हात लावायचा नाही असं बजावलं होतं, आणि गाडी चालवण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं. यायला हवं होतं असंही त्यांना कधी वाटलं नाही.

शाळेचा वाहतूकप्रमुख कमी बोलणारा, किंचित संशयी माणूस होता. त्याने त्यांना शाळेमागच्या गल्लीतून बस उलटी काढायला लावली. दोन्ही बाजूंना स्कूटरी, कोपऱ्यात कचऱ्याचा डबा. बाईंनी आरशात एकदा पाहिलं, एकदा पाहिलं न पाहिलंसं केलं आणि बस अलगद बाहेर आणून उभी केली.

"कुठे शिकलात?" त्याने विचारलं.

"गोदामाच्या बोळात. तिथे चुकलं तर भिंत बोलते."

तो हसला नाही, पण त्याने फॉर्म पुढे केला. बाईंनी तो तिथेच उभ्याउभ्या भरला. त्यात एक प्रश्न होता: आयुष्यात कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? बाईंनी क्षणाचाही विचार न करता 'नाही'वर खूण केली. खालच्या बारीक अक्षरांतला मजकूर त्यांनी वाचला नाही. सही ठोकली आणि ताठ मानेने बाहेर पडल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. नवरा शिंपीकाम करायचा. तो मान डोलावत ऐकत होता. नणंदेचं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. दिवसभर लोकांचे कागद हाताखालून जात असल्यामुळे कुठल्याही गोष्टीवर तिचा विश्वास पटकन बसत नसे.

"सगळं झकास झालं वहिनी," ती म्हणाली, "पण त्या गोदामाच्या कारकुनाचा दात कुठे लिहिलास?"

बाईंचा घास हातात राहिला.

त्या गोष्टीला सोळा-सतरा वर्षं झाली होती. गोदामातला एक कारकून त्यांची गाडी मुद्दाम शेवटी भरायचा. एक दिवस तो सगळ्यांसमोर म्हणाला, बाईमाणसाच्या गाडीला घाई कसली? बाईंच्या हातात ताडपत्री बांधायचा दोर होता. त्याच्या टोकाला गाठ होती. दात त्याचा चुकून गेला, पण दोर त्यांनी मारला तो मुद्दाम. याबाबतीत त्या स्वतःला कधीच फसवत नसत. कोर्टात तो तोंडावर रुमाल धरून उभा होता, आणि त्याला पाहताच बाईंना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. स्टँडच्या वकिलाने कानात सांगितलं, "कबूल म्हणा, दंड भरा, दुपारच्या नंबराला पोचाल." स्टँडवर सगळे तसंच करायचे. गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून केस असो की मारामारीची, कोर्टाच्या तारखांत दिवस कोण घालवणार? बाईंनी कबूल म्हटलं, दंड भरला आणि दुपारचा नंबर गाठला. त्या दिवसापासून राग आला की त्या दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबत. स्टँडवर कुणाला ते कळलं नाही. त्यांना वाटायचं, बाईंना थंडी वाजतेय.

"अगं पण मी तुरुंगात कुठे गेले?" बाई म्हणाल्या. "दंड भरला, विषय संपला."

"तुरुंगाचा इथे काय संबंध? केस झाली आणि तू निर्दोष सुटलीस, तर तू दोषी नाहीस. पण तू गुन्हा कबूल केलास आणि कोर्टाने दंड केला. म्हणजे दोषी ठरलीस, वहिनी. दंड एक रुपया असला तरी."

"इतकं जुनं कोण उकरतंय?" नवरा म्हणाला. "गप्प बसा दोघी. फॉर्म गेला, झालं."

"गप्प बसायचं नसेल तर दुसराही मार्ग आहे," नणंद म्हणाली. "आमच्या दुकानासमोर एक जण बसतो. चारित्र्याचा स्वच्छ दाखला काढून देतो म्हणतो. फक्त त्याच्या स्वतःच्या जामिनाचे कागद मागच्याच आठवड्यात माझ्या मशीनवर निघालेत."

नवऱ्याला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. आपण खोटं बोललो नाही, हे त्यांना माहीत होतं. पण आता खरं काय ते कळलं होतं, आणि यापुढे गप्प राहिलं तर ते खोटंच होणार होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होण्याआधी त्या वाहतूकप्रमुखाच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"माझा फॉर्म परत द्या. एका जागी चुकीची खूण केलीय."

"तो चौकशी करणाऱ्या कंपनीकडे गेला."

"मग कोरा कागद द्या."

त्यांनी सगळं लिहून काढलं. कारकून, दोर, दात, दंड. 'नाही' का लिहिलं होतं तेही लिहिलं. वाहतूकप्रमुखाने दोनदा वाचलं.

"बसा," तो म्हणाला. "गुन्ह्याची नोंद निघाली म्हणून आम्ही प्रत्येकाला परत पाठवत नाही. गुन्हा कुठला, किती जुना आणि काम कसलं, ते बघतो. मुलांना इजा केली असेल किंवा दारू पिऊन गाडी चालवली असेल, तर बोलणंच नको. पण लपवलं असेल तर कितीही लहान गोष्ट असो, माणूस घेत नाही."

"मी लपवलं नव्हतं."

"तुम्ही आज आलात, म्हणून ते मला कळलं. पण हाणामारी आहे, बाई. मुख्याध्यापिकांना विचारावं लागेल."

मुख्याध्यापिकांनी त्याच्यासमोरच बाईंना एकच प्रश्न विचारला, "शाळेच्या फाटकाशी एखादे पालक तुम्हाला नको ते बोलले तर?"

दुसऱ्या कुणी हात जोडून गोड उत्तर दिलं असतं. बाई म्हणाल्या, "राग येईल. मी काही संत नाही. पण हात खिशात जातील. इतकी वर्षं जातायत."

मुख्याध्यापिकांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते बाईंना कळलं नाही. नंतरचे दहा-बारा दिवस त्यांनी स्टँडवर काढले, दुसऱ्यांच्या पेट्यांकडे पाहत. नवरा म्हणे, उगाच पायावर धोंडा मारून घेतलास. तो म्हणतो ते खरं ठरलं तर, हा विचार बाईंच्याही मनात यायचा. तरी मान ताठच होती.

मग बोलावणं आलं. वाहतूकप्रमुखाच्या टेबलावर कंपनीचा अहवाल होता.

"यात काहीच सापडलेलं नाही," तो म्हणाला. "कंपनी मागची दहा वर्षंच तपासते. फॉर्म मात्र सगळं आयुष्य विचारतो. मॅडमनी तुम्हाला घ्यायचं ठरवलंय, ते अहवाल यायच्या आधीच." त्याने बाईंनी लिहिलेला कागद उचलला. "आता सगळ्या फाइलीत तुमच्या विरोधात एवढा एकच कागद आहे. काढून टाकायचा असेल तर घेऊन जा."

बाईंच्या मनात आलं, की नवऱ्याला हे कळता कामा नये. वर्षभर ऐकवेल.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "एकाला तरी ठाऊक असलेलं बरं."

पहिल्याच आठवड्यात ते घडलं. बस फाटकात शिरत असताना एका गृहस्थांनी मोटार आडवी घातली, खाली उतरले आणि ओरडू लागले. बाईंना गाडी येत नाही, बाईंना ठेवलंच कसं, बायकांचं हे काम नव्हे. मागे चाळीस मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. बाई खाली उतरल्या. कानशिलं तापली. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मोटारवाल्यांना वाटलं, बाई घाबरल्या. त्यांनी आवाज आणखी चढवला.

मैदानाच्या पलीकडे वाहतूकप्रमुख मुलांची मोजणी करत होता. त्याला शब्द ऐकू येत नव्हते. त्याला फक्त बाईंचे खिशातले हात दिसले. मोजणी तशीच सोडून तो पळत आला आणि दोघांच्या मधे उभा राहिला.

"बाई, तुम्ही गाडीत बसा," तो म्हणाला. "यांच्याशी मी बोलतो."

इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी असं मधे कुणी उभं राहिलं नव्हतं. बाईंनी हात खिशातून काढले, स्टिअरिंगवर ठेवले आणि मोटार बाजूला होताच मुलांना घेऊन बस आत आणली.