हुकूम दवाखान्यातून यायचा

बारा वाजले की समोरच्या दवाखान्यात घंटा व्हायची आणि पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांना बाहेर काढलं जायचं, ते थेट चारपर्यंत. कुणी झाडाखाली पथारी पसरायचं, कुणी चहाच्या गाड्यावर बसायचं. शंकर गुरुजी मात्र स्टीलचा डबा काखेत मारून रस्ता ओलांडायचे, माझ्या दुकानाच्या पायरीवर चपला काढायचे आणि विचारायचे, "पोरी, पंखा चालू हाय न्हवं?" चपला राहू द्या म्हणून मी शंभरदा सांगितलं असेल. "शिकायची जागा हाय, चपला घालून कसं यायचं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तिथं कोण काय शिकत होतं देव जाणे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मिरजेत इंटरनेट नुकतं पोचलं होतं आणि माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरांवर पोरं दिवसभर गेम खेळायची. खोटं कशाला बोलू, मीही खेळायचे.

गुरुजी वडूजकडचे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. निवृत्त झाले आणि काकूंचं पोटाचं दुखणं निघालं. एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं करायचं की नाही ते डॉक्टर ठरवत होते. मूलबाळ नव्हतं. काकूंना औषध देणं, पेज भरवणं, अंग पुसणं, वेणी घालणं, सगळं गुरुजीच करायचे. वेणीबद्दलची तक्रार तेच येऊन सांगायचे. "ही म्हणती, केस इंचरताय का दोरखंड वळताय?"

आमचा गेम चौघांनी मिळून एक किल्ला घ्यायचा होता. मी मिरजेतून, नाशिकच्या एका कॉलेजातली दोन पोरं तिकडून, आणि चौथी जागा रिकामी. गुरुजी काही दिवस माझ्या पाठीमागे उभे राहून नुसतं बघत होते. एकदा मी सपाटून मार खाल्ला तेव्हा हळूच म्हणाले, "राग मानू नगंस, पण तू सगळ्यांशी एकसारखीच भांडतीस." मला राग आलाच. म्हटलं, या बसा, तुम्ही दाखवा. आणि ते खरंच बसले की, शेजारच्या कॉम्प्युटरवर, चौथ्या जागी. एका बोटानं बटणं दाबत, जीभ दाताखाली धरून.

त्यांनी शत्रूंची आधी वर्गवारी केली. झुंडीनं अंगावर येणारे बुटके, ती पहिलीची पोरं. "ह्यांच्या मागं पळायचं न्हाई. एकाच्या मागं गेलं की बाकीची सुटत्यात. भिंतीला पाठ लावून हुभं ऱ्हायचं, आपणच येत्यात." मोठी ढाल घेतलेला धिप्पाड गडी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. "समोरनं लय कडक, पाठीमागनं काय न्हाई. एकानं समोर नमस्कार घालत ऱ्हायचं, तवर दुसऱ्यानं मागनं काम उरकायचं." बुरुजावरून बाण मारणाऱ्यांना त्यांनी भावकी म्हणून टाकलं. समोर यायचं नाही आणि लांबून लागेल असं मारायचं. भावकीला उत्तर देत बसू नये, तिच्या नजरेआडच्या वाटेनं जावं, असं ते म्हणायचे. खेळ सुरू व्हायच्या आधी हजेरी व्हायचीच. नाशिकची पोरं तिकडून निमूटपणे 'हजर काका' असं टाइप करायची.

हे डोकं एकट्या गुरुजींचं नाही, हे मला उशिरा कळलं. चारला घंटा झाली की ते वॉर्डात जायचे, काकूंच्या खाटेवर औषधाच्या बाटल्या आणि वाट्या मांडायचे आणि सगळी लढाई सांगायचे. बाटल्या हलवल्या म्हणून नर्स ओरडायची. दुसऱ्या दिवशी हुकूम घेऊन हजर. "ही म्हणती, तुमी चौघं एकाच दारातनं का शिरताय? लग्नाला आलाय का?" काकूंना मी पाहिलेलंही नव्हतं, पण त्यांचा धाक मला वाटायला लागला होता.

आमचं घोडं अडलं ते एका बाईपाशी. किल्ल्याच्या अंगणात पांढऱ्या कपड्यातली एक बाई असायची, हातात औषधाची कुपी. ती कुणाला मारत नसे. पडलेल्या शत्रूजवळ जायची, वाकायची, आणि तो ठणठणीत उठून परत आमच्यावर यायचा. हा गेम खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की आधी तिला उडवायचं, मग बाकीचे. गुरुजी तिच्यावर हात उचलेनात. समोर आली की बाजूला सरायचे. आम्ही हरायचो, परत सुरू करायचो, परत हरायचो. नाशिकची पोरं वैतागली. मीही एकदा चढ्या आवाजात म्हटलं, "गुरुजी, हे चित्र आहे हो नुसतं."

त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "मला कळतंय गं ते. पण औषध देणाऱ्या बाईला मारायचं, आणि चार वाजता त्या सिस्टरच्या म्होरं कुठल्या तोंडानं जायचं? तिच्या हातात हिचा जीव हाय."

तोड काकूंनीच काढली. गुरुजी दुसऱ्या दिवशी जवळजवळ पळतच आले. "ही म्हणती, घरात भांडूच नका. भांडण पुलापल्याड न्या. ती बाई अंगण सोडून यायची न्हाई." मग गुरुजी अंगणात शिरायचे, साहेबांना डिवचायचे आणि उलटे पळत सुटायचे. साहेब, पहिलीची पोरं, सगळी वरात त्यांच्या मागोमाग पुलाबाहेर. तिथं आम्ही तिघं दबा धरलेले. पडलेला एकही गडी परत उठला नाही, कारण ती बाई खरंच पूल ओलांडून आली नाही. किल्ला आमचा झाला. नाशिकहून दोघांनी 'काकू जिंदाबाद' असं लिहिलं. गुरुजींनी ते मला एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून द्यायला लावलं, काकूंना दाखवायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घंटेच्या आधीच आले. बसले नाहीत. "घरी न्यायला सांगितलंया," म्हणाले, आणि पंख्याकडे बघत राहिले. मिरजेत दवाखान्यासमोर दुकान टाकलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. "जीप आलीया. पण ही म्हणती, मला तो किल्ला बघायचाय."

वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची दुकानात आणून लावली. काकू इतक्या बारीक असतील असं मला वाटलं नव्हतं. केसांची वेणी खरंच दोरखंडासारखी होती. गुरुजी बाहेर जीपमध्ये गादी नीट घालायला गेले आणि मी काकूंना पडद्यावर किल्ला दाखवला. पूल दाखवला, बुरूज दाखवला. अंगण मोकळं होतं आणि ती पांढऱ्या कपड्यातली बाई तिथं एकटीच होती. हातात कुपी. ती चार पावलं जायची, वाकायची, काही नसायचं, परत यायची.

"ही काय करती?" काकूंनी विचारलं.

"कुणी पडलंय का ते बघते. तिला तेवढंच येतं, काकू."

त्या बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. मग बाहेर बघितलं. गुरुजी जीपमध्ये उशी ठेवत होते, काढत होते, दुसऱ्या बाजूला ठेवत होते. "माझ्या मागं ह्यांचं असंच व्हणार बघ," काकू म्हणाल्या. "औषधाची येळ झाली की उठून बसतील. आन् द्यायचं कुणाला? मरायचं काय वाटत न्हाई गं मला. पर ह्या माणसाला कुणाचं तरी करायला लागतं. त्येच्याबिगर हे टिकायचं न्हाईत."

मला रडू यायला लागलं. मी त्यांचा हात धरून बसले. तेवढ्यात गुरुजी आले, "चला, झाली गादी," म्हणाले, आणि काकू त्यांना म्हणाल्या, "उशी उजवीकडं घेतलीसा न्हवं?"

दिवाळीच्या आत काकू गेल्या. वडूजच्या एका पेशंटच्या माणसाकडून मला कळलं. गुरुजींचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. नाशिकची पोरं रोज विचारायची, काका कुठं आहेत. आम्ही चौथी जागा कुणाला दिली नाही. मला मनातून वाटायचं, आता हा माणूस काही परत दिसत नाही.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी घंटा झाली आणि गुरुजी पायरीवर उभे. वाळलेले, दाढी वाढलेली, काखेत डबा. म्हटलं, "गुरुजी, आता कोण आजारी?"

"गावातला म्हातारा हाय एक. माझा कुणी न्हाई," ते म्हणाले. "पोरगा पलटणीत, सून बाळंतीण. दवाखान्यात बसायला कुणी नव्हतं, म्हटलं मी जातो. मला वार्डाची सगळी म्हाईती हाय." मग म्हणाले, "ह्यो तिसरा पेशंट. आधीची दोघं तिकडं तालुक्याच्या दवाखान्यातनं बरी हून गेली घरी." बरी होऊन, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

मी खुर्ची ओढून दिली. नाशिकला निरोप गेला, हजेरी झाली. गुरुजींनी त्या म्हाताऱ्यालाही बाटल्या मांडून किल्ला समजावून दिला होता म्हणे. मी विचारलं, "मग आज काय हुकूम?"

"म्हातारा लय भित्रा हाय. म्हणतो, कशाला मारामारी करताय, सगळी जणं पळून या."

"मग काय करायचं?"

"काय करायचं? पेशंटचं ऐकायचं."

आम्ही चौघं एकही वार न करता पुलावरून जे पळत सुटलो ते सुटलोच. नाशिकची पोरं बोंब मारत होती, काका हे काय, काका हे काय. गुरुजी हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग घड्याळाकडे लक्ष गेलं तसे ताडकन उठले आणि डबा घेतला.

"जातो पोरी," म्हणाले. "औषधाची येळ झाली."