पुराव्याचा फोटो

मी तापट आहे. आमच्या द्वारका चौकातून स्कूटर काढताना रोज चार रिक्षावाल्यांना मनातल्या मनात शिव्या घालते आणि तासाभरानं विद्यार्थ्यांना शांत कसं राहायचं ते सांगते. कॉलेजनं समुपदेशन कक्ष माझ्याकडे सोपवला, तेव्हा घरचे पोट धरून हसले होते. पण मानसशास्त्र शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे दुसरं कुणी सापडणार नव्हतं.

कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. टेबल, दोन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. पहिले दोन महिने तिकडे कुणी फिरकलं नाही. मग एका बुधवारी दुपारी दोन वाजता एक मुलगी आली. वणीकडची म्हणूया, तिचं गाव मी इथं मुद्दाम बदललं आहे. वसतिगृहात राहायची. परीक्षेची भीती वाटते, प्रॅक्टिकलला हात थरथरतात, झोप लागत नाही, सगळं सोडून घरी जावंसं वाटतं, असं म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं एकच अट घातली.

"मॅडम, मी इथं आले ते कुणाला कळायला नको."

"नाही कळणार," मी छातीठोकपणे सांगितलं.

दहा मिनिटांत दार ढकलून ऑफिसमधले शिपाईमामा मोबाइल घेऊन आत आले. आमच्याकडे झाड लावलं तरी फोटो निघतो आणि व्याख्यान झालं तरी निघतो, वर तारीख, वेळ आणि ठिकाण छापून येणारा. कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती आणि तिला प्रत्येक कामाचा पुरावा लागणार होता. मामा म्हणाले, "मॅडम, जरा इकडं बघा." मी बघितलं. नुसतं बघितलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. मी सवयीनं पदर सारखा केला आणि हसले! मुलीनं मान खाली घातली, पण तोवर फोटो निघाला होता. संध्याकाळी तो कॉलेजच्या ग्रुपवर होता आणि त्याखाली माझं अभिनंदन चाललं होतं.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात चौकशी करावी तर पुन्हा तिचंच नाव घ्यावं लागणार, वसतिगृहात जावं तर आणखी चार जणींना कळणार. ती खरंच शिक्षण सोडून गेली तर, या विचारानं माझा जीव खाली-वर व्हायचा. मामांवर ढकलायचीही सोय नव्हती. ते सांगितलेलं काम करत होते. शब्द मी दिला होता आणि मीच हसून तो मोडला होता.

आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावला. मग प्राचार्यांसमोर जाऊन सांगितलं की यापुढं कक्षात फोटो निघणार नाही आणि वहीत कुणाचं नावही लिहिलं जाणार नाही. मूल्यांकनाची फाइल बघणारे सर तिथंच बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, फोटो नाही म्हणजे काम झालंच नाही असं धरतात. निदान सह्या तरी घ्या."

"दवाखान्यात पेशंटचे फोटो काढून भिंतीवर लावतात का, सर?"

"मॅडम, आवाज जरा कमी करा," प्राचार्य म्हणाले.

आवाज कमी केला, म्हणणं तेच ठेवलं. दाराला आतून कडी बसवून घेतली. आणि दर बुधवारी दोन वाजता पेपरांचा गठ्ठा घेऊन तिथं बसायला लागले. ती आली आणि मी जागेवर नाही, असं होता कामा नये, एवढं मी ठरवून टाकलं होतं. "आज किती गिऱ्हाइकं?" असं ते फाइलवाले सर येता-जाता विचारायचे. मी पेपर तपासत राहायचे. सहा बुधवार असे गेले.

समिती आली त्या दिवशी सभागृहात आम्ही सगळे हारीनं उभे होतो. माझी पाळी आली. समितीतले एक वयस्कर सर फाइल चाळत अगदी सौम्यपणे म्हणाले, "इथं फोटो नाही, नाव नाही. असं करा, एखाद्या विद्यार्थ्याला बोलवा. दोन मिनिटं बोलतो आम्ही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात मला ती दिसली. स्वागताला लावलेल्या मुलींमध्ये, पाच-सहा पावलांवर, पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होती. गेली नव्हती! पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ट्रेमधले ग्लास एकमेकांवर वाजत होते. मी नजर काढून घेतली आणि पुन्हा तिकडे वळवली नाही.

"नाही बोलवणार, सर," मी म्हणाले. "येणाऱ्याला मी सांगते की कुणाला कळणार नाही. हा शब्द एकदा माझ्याच हातून मोडलाय. पुन्हा नाही मोडणार."

"तुमचे गुण जातील."

"जाऊ द्या."

प्राचार्यांनी घसा खाकरला. त्या सरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. आमचे फाइलवाले सर मात्र पुढं आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

समिती गेल्यानंतरच्या बुधवारी दोन वाजता दार वाजलं. ती आत आली, तिनं स्वतःच कडी लावली आणि खुर्चीत नीट मागं रेलून बसली.

"मॅडम, मागल्या येळंला मी खोटं सांगितलं तुम्हाला. परीक्षेचं काय नाय. ते लय येगळंच हाय."

मग ती दीड तास बोलली. काय बोलली, ते मी इथंही लिहिणार नाही.