साळूने न धुतलेल्या नळ्या

माझी नात रेबेका पनवेलजवळच्या एका प्रयोगशाळेत फळमाश्या पाळते. त्यांची जनुकं बदलून ती अळीच्या पोटात गाठ वाढवते आणि ती कशी वाढते ते बघते. माशीला कसला आलाय कॅन्सर, असं मलाही वाटलं होतं. पण ते राहू द्या, मला सांगायचंय साळूबद्दल.

साळू कर्नाळ्याखालच्या कातकरी वाडीतली. माश्यांसाठी मक्याचं पीठ नि गूळ शिजवायचा आणि माश्या वाढवायच्या काचेच्या नळ्या दहा दिवस झाले की उकळत्या पाण्यात धुवायच्या, हे तिचं काम. एकदा गाठवाल्या अळ्यांच्या नळ्या चुकून धुवायच्या ट्रेमध्ये गेल्या. रेबेकाची दोन महिन्यांची मेहनत त्यांत होती. ती धावत मोरीपाशी गेली, तर ट्रे रिकामा.

"साळूताई, धुतल्यास?"

"नाय धुतल्या. त्या बघ खिडकीत हायेत," साळू म्हणाली. "आमी मधाची पोळी काढतो ना, मधमाशीची अळी दिस भरले की कोषात जाते. तुझ्या बाकीच्या गेल्या. या नुसत्या खातात नि फुगतात. का गं?"

संध्याकाळी रेबेका मला म्हणाली, "आजोबा, मी हेच तर शोधतेय. गाठ अळीला कोषात जाऊ देत नाही. कशी, ते कळायचंय."

हल्ली धुण्याआधी साळू एकेक नळी उजेडात धरते आणि रेबेका वही घेऊन शेजारी उभी असते. मीही एकदा डोळे बारीक करून पाहिलं. मला पीठच दिसलं.