नऊ आकडे आणि अकरा मिनिटं

तिला नोकरीवरून काढून सहा महिने झाले, पण माझा राग काही उतरलेला नाही. सभागृहाच्या मागच्या भिंतीला काचेची एक खोली आहे, तिथे बसून ती सभेचा आवाज सांभाळायची. आता तिच्या खुर्चीत अधीक्षक साहेब स्वतः बसतात. समोर तिनेच बनवलेला प्रोग्राम असतो, आणि दर सभेत दोनदा तरी स्पीकरमधून अशी शिट्टी निघते की सगळ्यांचे हात कानांवर जातात. साहेब म्हणतात, "मशीन जुनं झालंय." मशीनला काही झालेलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी इतिवृत्त लिहितो. सभेत कोण काय बोललं ते कागदावर उतरवायचं. एकवीस वर्षं हेच करतोय. माझ्या कानापर्यंत येणारा प्रत्येक आवाज आधी तिच्या हाताखालून यायचा, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहायला हवं.

ऑफिसात तिला सगळे वायरमनबाई म्हणायचे. तिला हे नाव अजिबात सोसत नसे. "अरे, वायरी मी काढल्या, आणि नाव मलाच वायरमन?" असं म्हणून ती फाइल आपटायची. तिचं म्हणणं खरंच होतं. ती येण्याआधी एका ठेकेदाराने आवाजाचा प्रोग्राम करून दिला होता. त्यात कोड लिहायचा नसतो, पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते रेघांनी जोडायचे. एक चौकोन म्हणजे माइक, एक चौकोन म्हणजे स्पीकर. आमचे माइक बारा आणि आवाज बाहेर जाणाऱ्या वाटा, स्पीकर आणि रेकॉर्डिंग धरून, चौदा. ठेकेदाराने प्रत्येकाची प्रत्येकाला रेघ ओढली होती, एकशे अडुसष्ट रेघा. पडदा बघितला की मांजराने खेळून टाकलेली लोकर आठवायची. एक आवाज कमी करायचा तर कुठली रेघ ओढायची हे ठेकेदारालाही सांगता येत नव्हतं.

तिने पहिल्याच महिन्यात ते सगळं पुसलं आणि एकच चौकोन ठेवला, मॅट्रिक्सचा. मला समजावताना माझ्याच वहीत तिने तो काढला होता. आडव्या ओळी माइकच्या, उभे रकाने स्पीकरचे. ओळ आणि रकाना जिथे भेटतात तिथे एक आकडा. शून्य म्हणजे वाट बंद, एक म्हणजे पूर्ण उघडी, मधले आकडे म्हणजे दार किलकिलं.

"आणि एवढे एकशे अडुसष्ट आकडे कोण भरणार?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी नऊच भरते." तिने शेजारी तीन बाय तीनचं कोष्टक काढलं. ओळी तीन: मोठा हॉल, दुसरी खोली, आणि काचेच्या खोलीतला तिचा स्वतःचा माइक. रकाने तीन: हॉलचे स्पीकर, दुसऱ्या खोलीचे स्पीकर, रेकॉर्डिंग. कुठला माइक कुठल्या खोलीत आहे याचं एक कोष्टक, कुठला स्पीकर कुठे आहे याचं दुसरं, आणि मध्ये हे नऊ आकडे. तिन्हींचा गुणाकार केला की एकशे अडुसष्ट आकडे आपोआप तयार. "कळलं का, लेखणीबहाद्दर? एक आकडा बदलला की अख्खी खोली बदलते."

हॉल ते हॉल आणि खोली ते खोली, या तिरप्या रेघेवर ती शून्य ठेवायची. ज्याचा आवाज त्याच्याच स्पीकरमधून आला तर तो परत माइकमध्ये शिरतो, फिरून पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि शिट्टी वाजते. "माणसाने दुसऱ्याचं ऐकावं, स्वतःचं काय ऐकायचं," असं ती म्हणायची. त्या हॉलमध्ये बसणारे बहुतेक जण याच्या बरोबर उलट वागायचे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही हसायचो.

'एका आकड्याचं काम' हा तिचा शब्दच होऊन गेला होता. कोणी काही सांगायला आलं की ती चुटकी वाजवून म्हणायची, "एका आकड्याचं काम." तिने हा शब्द साहेबांना ऐकवायला नको होता.

गेल्या वर्षी नदीपलीकडच्या वस्तीतला दवाखाना बंद करायचं ठरत होतं. त्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायची दोन मशीन आहेत. बंद करण्याआधी लोकांचं म्हणणं दोनदा ऐकून घ्यायचं असा नियम आहे. पहिल्या सुनावणीला एवढी माणसं आली की हॉल भरला, आणि वस्तीतल्या लोकांना दुसऱ्या खोलीत बसवलं. तिथे भिंतीवरच्या पडद्यावर हॉलचं थेट चित्र दिसत होतं, टेबलावर दोन माइक होते. बोला, तुमचं हॉलमध्ये ऐकू जाईल, असं त्यांना सांगितलं होतं.

संध्याकाळी सहाला हॉल दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा होता. सव्वापाच वाजले. अध्यक्ष चहाला उठले. साहेब काचेच्या खोलीत शिरले आणि तिच्या मागे उभे राहिले.

"त्या खोलीचा आवाज इकडे नको, रेकॉर्डिंगमध्येही नको. तेच ते रडगाणं. आणि इकडचाही तिकडे नको."

"साहेब, ते बोलायला आलेत."

"बोलू देत ना. त्यांना त्यांचा आवाज त्यांच्या स्पीकरमधून ऐकू येऊ दे थोडा, म्हणजे गडबड करणार नाहीत. एका आकड्याचं काम, असं तूच म्हणतेस ना?"

तिची नोकरी दरवर्षी नव्या कागदावर चालायची, आणि त्या कागदावर सही साहेबांची असायची. तिने आकडे बदलले. खोली ते हॉल शून्य, हॉल ते खोली शून्य, खोली ते रेकॉर्डिंग शून्य. तिरप्या रेघेवर, खोली ते खोली, शून्य पूर्णांक चार, शिट्टी वाजणार नाही इतकंच. तिरप्या रेघेत एक आणि बाकी सगळीकडे शून्य असलं की त्या मॅट्रिक्सला एकक म्हणतात, तिने मला नंतर सांगितलं. त्या मॅट्रिक्सने कशालाही गुणा, काहीही बदलत नाही. साहेबांनी मागितलं ते त्याच मॅट्रिक्सचं धाकटं भावंड होतं.

दुसऱ्या खोलीत किल्ल्या करून देणारे एक काका उठले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी आहे, सगळे त्यांना किल्लीवाले काकाच म्हणतात. त्यांच्या बायकोला आठवड्यातून तीनदा त्या मशीनवर झोपवावं लागतं. त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. ते अकरा मिनिटं बोलले. भिंतीवरच्या चित्रात आम्ही हॉलवाले कप हातात घेऊन हिंडत होतो. मध्ये थांबून काका म्हणाले, "चहा घेत का होईना, ऐकतायत." हे तिने ऐकलं, कारण तिच्या हेडफोनमध्ये सगळ्या माइकचा आवाज थेट यायचा. हॉलमध्ये मी बिस्किट खात होतो.

शेवटी अध्यक्षांनी आभार मानले, तेवढे मात्र दुसऱ्या खोलीत पोचवले गेले. मी वहीत लिहिलं: दुसऱ्या खोलीतून कोणीही हरकत घेतली नाही.

व्हरांड्यात काकांनी तिच्या गळ्यातला हेडफोन बघून तिला गाठलं. "बाई, आवाज नीट गेला ना?"

"हो काका," ती म्हणाली.

आठ दिवसांनी इतिवृत्त मंजूर झालं आणि तिने ते वाचलं. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "हे तू लिहिलंस?"

"मला काही ऐकूच आलं नाही, तर काय लिहू?"

तिने सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, साहेबांना जाऊन विचारतो, अध्यक्षांना सांगतो. ती म्हणाली, "जा मग." मी गेलो नाही. मलाही महिन्याला पगार लागतो. अळीमिळी गुपचिळी. साहेबांचा राग येतो, पण तो सांगताना हेही सांगितलं पाहिजे.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो मालाची गाडी चालवतो. तो म्हणाला, "वरून हुकूम आला तर तू काय करणार? मान खाली घालून काम कर." सासूबाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी पाय थांबवला. "ऐकायचं नव्हतं तर माणसांना बोलावलं कशाला? आणि तू त्यांना तोंडावर 'हो काका' म्हणालीस? जीभ कशी उचलली गं तुझी?"

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या टपरीवर गेली, सांगून टाकायला. काकांनी तिला ओळखलं, स्टूल पुढे केलं. "तुमच्यामुळे आमचं म्हणणं वर पोचलं," म्हणाले. सांगायचं ते राहिलंच; घराची किल्ली पुढे करून ती म्हणाली, अशीच एक हवीय. घरी आधीच तीन होत्या. ती चौथी किल्ली मग काचेच्या खोलीत कीबोर्डशेजारी पडून असायची.

दुसरी सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. पुन्हा गर्दी, पुन्हा दुसरी खोली. अध्यक्ष उठायच्या बेतात होते तेवढ्यात साहेब काचेच्या खोलीत शिरताना मला दिसले.

"मागच्यासारखं कर," ते म्हणाले.

"नाही करणार."

"मग ऊठ, मी करतो. मला काय आकडा लिहिता येत नाही?"

त्यांनी माउस ओढला आणि नऊ घरांतलं पहिलंच घर गाठलं. हॉल ते हॉल, एक. हॉलमध्ये जी किंकाळी फुटली ती मी जन्मात विसरणार नाही. अध्यक्ष परत खुर्चीत बसले, माझ्या हातून पेन पडलं, पाण्याचे ग्लास थरथरले. तिने साहेबांचा हात सरळ बाजूला ढकलला आणि शून्य लिहिलं. साहेब काचेला पाठ लावून कान चोळत उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

किंकाळीने एक चांगलं झालं. सगळे जागेवर होते, आणि सगळे गप्प होते.

"दुसऱ्या खोलीतून कोणाला बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी आहे साहेब, किल्लीवाला." आवाज स्वच्छ आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. मी पेन उचललं. "मागच्या वेळी सगळं सांगितलंय मी. अकरा मिनिटं घेतली तुमची. परत तेच सांगून कशाला वेळ खाऊ? तुम्ही ऐकलंयत."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे. मंजूर झालेल्या पानावर माझ्याच अक्षरात 'कोणीही हरकत घेतली नाही' हे वाक्य होतं. आता तरी बोल, मी स्वतःला म्हटलं. मी बोललो नाही.

"बरं," अध्यक्ष म्हणाले, "मग आपण..."

"काका, थांबा."

तिने तिसऱ्या ओळीत, स्वतःच्या माइकच्या, एक, एक, एक भरले होते. तिचा आवाज हॉलमध्ये आला, दुसऱ्या खोलीत आला, रेकॉर्डिंगमध्येही गेला. साहेब काचेच्या आत हातवारे करत होते. "काका, तुमचं कोणीही ऐकलेलं नाही. त्या दिवशी तुमच्या खोलीचा आवाज बंद होता. बंद करायला साहेबांनी सांगितलं, आणि बंद केला मी."

दुसऱ्या खोलीतला माइक जवळ ओढल्याचा आवाज आला.

"मी विचारलं होतं तुम्हाला. हो म्हणालात तुम्ही."

"खोटं बोलले."

"मग मी कोणाशी बोलत होतो?" काका ओरडले. माइक लांब असता तरी ऐकू आलं असतं. "अकरा मिनिटं मी कोणाशी बोलत होतो? कागदसुद्धा नाही आणला मी आज. झालंय म्हणून फाडून टाकला. आता काय सांगू, कुठून आणू ते?"

"माझ्याशी बोलत होता. मी हेडफोनवर ऐकत होते. सगळं ऐकलंय." काचेआड ती बोटांवर मोजू लागली. "तुम्ही म्हणालात, मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सहाला घर सोडायचं. मशीनवर चार तास. उठताना त्यांना चक्कर येते, म्हणून तुम्ही टपरी बंद ठेवून दारात बसता. हा दवाखाना बंद झाला तर मोठ्या दवाखान्यात जायला दोन बस..."

"तीन," काका म्हणाले. "जाताना दोन, येताना तीन. येताना तिला उभं राहवत नाही, म्हणून मध्ये उतरावं लागतं."

"येताना तीन," ती म्हणाली.

मी लिहिलं: येताना तीन.