आतोबांना दया आलेली ओळ

माझी आत्या टोमॅटोची रोपं विकते, पण गिऱ्हाईक आलं की आधी एक रोप उपटते. मुळं धुऊन त्याच्या नाकासमोर धरते. "पानं काय, कुणीही हिरवी दाखवील. हे बघा." माणसंही ती अशीच तपासते. लग्नाआधी तिने विचारलेले प्रश्न आठवले की माझा नवरा अजून घाम पुसतो.

एका वर्षी रोपांच्या मुळांना गाठी निघाल्या. मातीतले सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे किडे, मुळात शिरून ठाण मांडतात आणि झाड उपाशी राहतं. आत्याने विक्री थांबवली आणि नर्सरीच्या फाटकाला कडी घातली.

"हा रोग माझ्या हाताने दुसऱ्याच्या शेतात जायचा नाही. औषध करूनही पुढच्या वाफ्यात गाठी दिसल्या, तर नर्सरी बंद."

आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिच्या नवऱ्याची, आमच्या आतोबांची, झोपच उडाली.

कृषी केंद्रातल्या बाईंनी समुद्री शेवाळाचा अर्क दिला. वास असा, की शेजारची मांजर खूश आणि आम्ही बेजार. "किडे मरतीलच असं नाही," बाईंनी बजावलं, "पण मुळं दणकट होतात, किड्यांना सहज शिरता येत नाही." नव्या वाफ्यात आत्याने एका ओळीला अर्क घातला, दुसरीला नुसतं पाणी. फरक कळायला हवा ना.

महिन्याभराने दोन्ही ओळींतली काही रोपं उपटली, तर सगळ्यांची मुळं पांढरीशुभ्र. आत्याचं तोंड उतरलं. अर्काशिवायही गाठी नाहीत, मग भरवसा कशाचा धरायचा?

आतोबा चुळबुळले. "मी त्या ओळीलाही अर्क घालत होतो."

"का?"

"एकीला औषध, दुसरीला नुसतं पाणी. मला बघवेना."

आत्या जी भडकली, की मी झारी उचलून बाजूला ठेवली. "मग मला आता कळायचं कसं?"

"टोकाची दोन-तीन राहिलीत," आतोबा पुटपुटले. "तिथवर जाईपर्यंत झारी संपायची."

आत्याने त्यातलं एक उपटून धुतलं. मुळं गाठींनी भरलेली, वेडीवाकडी. शेजारी वीतभर अंतरावरचं रोप ठेवलं. तीच माती, तेच किडे, आणि मुळं स्वच्छ, केसांसारखी पसरलेली. शेवाळाला स्वतःला खरी मुळं नसतात, हे मी शाळेत शिकले होते. त्याने मातीही कधी पाहिलेली नसते. ते या मुळांची राखण करत होतं.

आत्याने दोन्ही रोपं खाली ठेवली. मग तिने फाटकाची कडी काढली, झारी भरली आणि आतोबांच्या हातात दिली.

"घाला सगळ्यांना. टोकाच्यांनाही."