सत्तेचाळीस नंबरची गाडी उडते

"सत्तेचाळीसच्या मागं कोण आहे? लांब राहा रे. ती गाडी आत्ता आहे, आत्ता नाही."

हे मला उद्देशून बोललेलं नव्हतं. माझ्याविषयी होतं, आणि मी ऐकत असेन हे बोलणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसावं. हेडफोनमध्ये दोघं-तिघं हसले. त्यातला एक म्हणाला, सोलापूरचा आहे ना तो, टॉवेलासारखं नेटही पिळून वाळत घालत असेल. पुन्हा हसणं झालं. मी ब्रेक दाबला, गिअर खाली आणला आणि वळण घेतलं. सत्तेचाळीस नंबरची गाडी माझी होती. 'तो' म्हणजे मीच.

दर रविवारी दुपारी आमची शर्यत असायची. आम्ही म्हणजे वीसेक जण, बहुतेक पुण्याचे, काही नाशिकचे, एक-दोन कोल्हापूरचे. प्रत्येकजण आपापल्या घरी बसून एकच मोटार रेसिंगचा गेम खेळायचा आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून सगळे एकमेकांशी बोलायचे. मी सोडून. माझा माइक पहिल्या दिवसापासून बंद होता. खुर्चीच्या मागे कपड्यांचा ढीग, समोर अभ्यासाचं जुनं टेबल, टेबलाला कसून बसवलेलं सेकंडहँड स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल. पेडल सरकू नये म्हणून मागे भिंतीला लागून पाटा ठेवला होता. अम्माला वाटायचं, गाडीच चालवायची तर मुलीनं स्कूटी शिकावी, भाजी तरी आणता येईल.

घरी आम्ही तेलुगू बोलतो. रस्त्यावर मराठी. शाळा इंग्रजी, तिथं इतर कुठलीही भाषा तोंडातून निघाली की वर्गाबाहेर उभं करायचे. तिन्ही भाषांत गप्प बसायला मी लवकर शिकले. नोकरीही तशीच धरली. घरात बसून मी टॉवेलांच्या काठांची डिझाइनं काढून देते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माझे वडील सुपरवायझर आहेत. डिझाइनात बदल हवा असला की मालक लोक फोन वडिलांना करतात, मग वडील मला सांगतात की फुलं जरा मोठी कर. फुलं कोण काढतंय हे मालकांना ठाऊक आहे. पण बाईमाणसाशी फुलांबद्दल काय बोलायचं, असं त्यांना वाटत असावं.

रविवारच्या या शर्यतींच्या लीगमध्ये कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, हे मला आवडायचं. तिथं मी फक्त एक नंबर होते, आणि वळणाला कोण किती उशिरा ब्रेक मारतो एवढ्यावर माणसाची किंमत ठरायची. निदान पहिले काही आठवडे मला तसं वाटत होतं.

ऑनलाइन शर्यतीत आपली गाडी आपल्याला नेहमी नीटच दिसते, कारण ती आपल्याच मशीनमध्ये असते. बाकीच्यांच्या गाड्या नेटवरून येतात. एखाद्या गाडीची खबर उशिरा आली, की ती क्षणभर जागच्या जागी थिजते आणि मग एकदम उडी मारून पुढे दिसते. याला लॅग म्हणतात. ही उडी गाडीवाल्याच्या नेटमुळे पडली की बघणाऱ्याच्या, हे नुसतं बघून कळत नाही. पण लीगमध्ये हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. ज्याची गाडी उडते त्याचं नेट भिकार, असं ठरलेलं होतं. त्यातून गाव पुण्यापेक्षा लहान असलं, तर मग विचारायलाच नको.

हे ठरवणारा आमचा ॲडमिन. पुण्यात कुठल्यातरी कंपनीत इंजिनिअर होता. शर्यतीत स्वतः धावायचा, पंच म्हणूनही तोच बसायचा, आणि शर्यत चालू असताना ती इंटरनेटवर थेट दाखवून वर इंग्रजीत समालोचनही करायचा. समालोचनाला तो एक उसना आवाज काढायचा. नाकात बोलायचा, शब्द चावायचा. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला असाच आवाज काढणाऱ्या मुलीला सूत्रसंचालन मिळायचं. थेट प्रक्षेपण बघायला असायचे त्याचे तीन-चार मित्र आणि एक मावशी. मावशी प्रत्येक वेळी फुलांचं चित्र पाठवायची. उरलेले दोन पंच त्याच्या कॉलेजातले. ॲडमिन काहीही म्हणाला की एक म्हणायचा, "बरोबर आहे," आणि दुसरा थोड्या वेळानं म्हणायचा, "मलाही तेच वाटतंय." असे हे तीन पंच.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, कोण चुकलं हे ॲडमिनच्या मशीनवरचं रेकॉर्डिंग बघून ठरणार, इतर कोणाचं चालणार नाही. दुसरा, शर्यतीनंतर सगळ्यांनी बसायचं आणि ज्याला काही म्हणायचंय त्यानं माइकवर, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. लिहून पाठवलेलं वाचलं जाणार नाही. ग्रुपवर सगळ्यात वर त्यानं मोठ्या अक्षरांत लावून ठेवलं होतं, 'टाइप करून रडायचं नाही'. यामुळे मर्दानी वातावरण राहतं असं त्याला वाटत असावं.

लॅगचा ठपका तीनदा बसला की माणूस दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटात पहिल्याच वळणावर निम्म्या गाड्या एकमेकांवर चढतात आणि उरलेला वेळ त्यांचे चालक एकमेकांच्या आईची चौकशी करतात. तिथं जाण्यापेक्षा मी स्टिअरिंग विकून टाकलं असतं. आणि माझ्यावर दोन ठपके बसले होते.

ते दोन खरे होते, हे मी नाकारत नाही. तेव्हा आमचं नेट खरंच अडखळायचं. केबलवाल्याला फोन केला तर तो आला, राउटरच्या दिव्यांकडे भक्तिभावानं बघून वडिलांना म्हणाला, "नेट लई भारी हाय की. मॅडमना सांगा गेम कमी खेळा, म्हंजे नेट पळंल." मॅडम त्याच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. मग त्यानं राउटर बंद करून चालू केला, चहा घेतला आणि गेला.

कारण मला गच्चीवर सापडलं. केबलवाल्यानं खांबावरून आणलेली नेटची बारीक काळी फायबर वायर आमच्या गच्चीवरून आडवी, लोंबती गेली होती, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू तिच्यावर धुतलेल्या चादरी टाकत होत्या. काकू बार्शीकडच्या. घर त्यांचं, आम्ही भाडेकरू. रविवार हा त्यांचा चादरी धुण्याचा वार. इथल्या चादरी पाणी पितात तशा कुठल्याच पीत नाहीत. ओली चादर पडली की वायर पोटापर्यंत खाली यायची, जिथं दुमडायची तिथून नेट वाहून नेणारा आतला उजेड अर्धामुर्धा पलीकडे जायचा, आणि पुण्यात माझी गाडी उडायची.

मी स्वतः बोलायला गेले नाही. अम्माला पाठवलं आणि जिन्यात उभी राहून ऐकलं. काकू म्हणाल्या, वायर रिकामीच होती, करंट तर लागत न्हाय तिला, आणि चादर काय कायमची ठेवलीय व्हय? अम्मानं यावर माझ्या नेटचं काहीही सांगितलं नाही. दोघींनी मिळून चादरीचं दुसरं टोक पिळलं. मग मी बाजारातून नायलॉनची दोरी आणून वायरीच्या शेजारी बांधली. काकूंनी दोरीवर ब्लाउज, टोपडी, मोजे टाकले आणि चादरी पुन्हा वायरीवर, कारण वायर उंच होती आणि उंचावर वारा लागतो. शेवटी सगळे जेवायला बसले असताना एका दुपारी मी वायर सोडवली, कठड्याच्या कडेनं प्लास्टिकच्या पाइपातून फिरवली आणि पाइप पक्का बांधून टाकला. काकूंनी आठवडाभर अम्माला माझ्या हट्टीपणाबद्दल सुनावलं. मला काहीच म्हणाल्या नाहीत. मी गप्प असते, त्यामुळे लोकांना माझ्याविषयी बोलायला नेहमी दुसरं माणूस लागतं.

त्यानंतर माझं नेट दगडासारखं स्थिर झालं. लीगमधलं माझं नाव मात्र सुधारलं नाही. एकदा म्हटलं ना सोलापूरचा उडतो, की मग बघणाऱ्यांना तो उडतानाच दिसायचा. मी माझ्या मशीनवरची रेकॉर्डिंगं बघायला लागले. माझ्याकडे बाकी सगळ्या गाड्या रुळावरून चालल्यासारख्या सरळ जात होत्या. फक्त एक गाडी थिजायची आणि उडायची, ॲडमिनची. यात नवल काही नव्हतं. हा माणूस ज्या नेटवर शर्यत चालवत होता त्याच नेटवरून ती शर्यत मावशीला थेट दाखवत होता. त्याच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याच माहितीची वाट अडली होती. म्हणजे तो सगळ्यांना उडताना दिसणार आणि त्याला सगळे उडताना दिसणार. मी हे इंग्रजीत, अगदी नम्रपणे, चार ओळींत लिहून त्याला पाठवलं. उत्तरादाखल त्यानं दुसऱ्या नियमाचा फोटो पाठवला आणि त्याखाली हसरं तोंड.

इंजिनिअर माणूस. त्याला समजलं नसेल असं मी मानत नाही. समजून घेतलं असतं तर मावशीचं प्रक्षेपण बंद करावं लागलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी तिसरी होते आणि माझ्या मागे ॲडमिन. शेवटून दुसरी फेरी. पुढे एक अरुंद, पूर्ण मागे वळणारं वळण होतं. मी नेहमीच्या जागी ब्रेक दाबला. आरशात त्याची गाडी दिसली, मग दिसेनाशी झाली, आणि मग एकदम माझ्या गाडीच्या पोटात उगवली. मी गोल फिरून वाळूत गेले. तोही गेला. हेडफोनमध्ये तो उसना आवाज सोडून स्वतःच्या आवाजात ओरडला, "लॅग! बघा, बघा, थांबली गाडी मधेच!" बऱ्याच दिवसांनी मी त्याचं मराठी ऐकलं. चांगलं होतं.

शर्यत संपली आणि सगळे बसले. अम्मा खोलीत येऊन माझ्या मागे पलंगावर कारखान्यातल्या खराब निघालेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, जिंकलीस का. मी मान हलवली. तिला हवा तो अर्थ तिनं घेतला.

ॲडमिननं त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या स्क्रीनवर लावलं. त्यात माझी गाडी वळणाआधी थिजली, मग त्याच्या गाडीच्या नाकासमोर टपकन पडली. तो म्हणाला, यात बोलण्यासारखं काही नाही. पहिला पंच म्हणाला, "बरोबर आहे." दुसरा म्हणाला, मलाही तेच वाटतंय, पण त्याला वाईट वाटू नये. मग मोठ्या मनानं या दुसऱ्या पंचानं मलाच हाक मारली, "सत्तेचाळीस, भावा, आहेस का? राग नको मानू. तुमच्याकडं नेटच तसलं, तू तरी काय करणार." कोणीतरी म्हणालं, मुका आहे का रे हा. ॲडमिन म्हणाला, गप्प बसला म्हणजे मान्य आहे, तिसरा ठपका, पुढच्या रविवारपासून दुसऱ्या गटात, चला पुढचं घेऊ.

पण त्याला ते पुन्हा एकदा दाखवायचा मोह आवरला नाही. हळू करून, माझ्या गाडीभोवती लाल गोल काढून त्यानं तेच पुन्हा लावलं. आतापर्यंत सगळ्यांसारखी मीही माझ्याच गाडीकडे बघत होते. या वेळी गोलाच्या बाहेर बघितलं. मागून येणारी पिवळी गाडी थिजली आणि उडाली. तिच्या मागची निळी उडाली. कठड्याजवळून जाणारी पांढरी अर्धी भिंतीत जाऊन परत बाहेर आली. वीस लोक ते बघत होते. त्यातला प्रत्येकजण त्याच चित्रात उडत होता, आणि प्रत्येकाची नजर लाल गोलात होती. दुसऱ्या पंचाची गाडी तर दोनदा उडाली, आणि तेवढ्यातच तो म्हणाला, "हे तर क्लिअरच आहे."

मला त्यांची कीव आली नाही. इतके दिवस यांना मी घाबरत होते, याची लाज तेवढी वाटली.

माइकचं बटण स्टिअरिंगच्या मागे होतं. मी ते दाबलं. आधी माझ्याकडचा पंखा त्यांना ऐकू गेला असणार, कारण कोणीतरी विचारलं, हा आवाज कुणाकडं येतोय. ॲडमिन म्हणाला, "सत्तेचाळीसनं माइक उघडलाय. बोल भावा, बोल, रड एकदाचा." अम्मानं हातातला टॉवेल तसाच धरला. तिनं मला खोलीत एकटीनं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, "सत्तेचाळीस राहू द्या. याच व्हिडिओत उडी न मारणारी एक गाडी मला दाखवा. तुमची सोडून."