आकारामचं दावं

घरातल्या दोन पिढ्या पलटणीत गेल्या आणि आकाराम गेला दर्यात. तासगावकडचा हा गडी बावीस वर्षं एकाच प्रवासी जहाजाच्या पोटात इंजिनाची चाकरी करत राहिला. वर पाहुणे नाचत, सूर्यास्त बघत; आकारामला समुद्र दिसे तो सुट्टीला जाता-येता. खंडेनवमीला मात्र घरचा ट्रॅक्टर पुजावा तसं तो इंजिनाला हळदकुंकू लावी. जहाजाला तो म्हातारी म्हणे.

महामारी आली, प्रवासी उतरले, कंपनी बुडाली. पण जहाज बेवारस सोडता येत नाही, थोडी माणसं वर राहायलाच लागतात. त्यांत आकाराम सापडला. सात महिने नांगरावर! मुंबईचे दिवे समोर, आणि जमिनीवर पाय ठेवायची बंदी. घरी बायको चंद्राबाई एकटीनं द्राक्षं उतरवून शेडवर बेदाणा टाकत होती.

"कवा येताय?" ती फोनवर विचारी.

"येतो की."

हे खोटं सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी म्हातारी भंगारात निघाली. अमावास्येच्या भरतीला ती पूर्ण वेगानं, जहाजं तोडतात त्या गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवायची, मग सगळे घरी. इंजिन मध्येच बंद पडलं तर जहाज चिखलात रुतणार आणि पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत पुन्हा आत कोंडून पडायचं. म्हणजे घर हवं तर इंजिन धडधाकट हवं, आणि ते धडधाकट झालं की म्हातारी कसायाच्या दारात. आकारामनं तीन दिवस जीव तोडून इंजिन दुरुस्त केलं आणि तीन दिवस स्वतःलाच शिव्या घातल्या.

भरतीला इंजिन एकदाही अडखळलं नाही. जहाज वाळूवर चढलं. त्यानंच इंजिन बंद केलं आणि ते गार होईपर्यंत त्यावर हात टेकून रडला.

उतरताना त्यानं दोरखंडाचा वीतभर तुकडा कापून घेतला. मुकादम ओरडला, "अरे, सब बिक गया है!"

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत आमच्यात," आकाराम म्हणाला. "दावं घरात ऱ्हायलं की दुसरं जनावर येतं."

तो तुकडा शेडमध्ये खुंटीला टांगला. पण घरी त्याला झोप लागेना. अंथरुणाखालची जमीन थरथरत नव्हती. दोन वर्षं त्यानं कशीबशी काढली.

परवा एजंटाचा फोन आला. दुसरं एक जहाज होतं, म्हातारीसारखंच जुनं, इंजिनही तसलंच; जाणता माणूस हवा होता.

"येतो की," आकाराम म्हणाला.

बेदाणा निवडता निवडता चंद्राबाई हसली. "त्येलाबी खोटंच सांगताय, व्हय?"

आकारामनं मान खाली घातली. "न्हाई गं. त्येला खरं सांगितलंय."